हप्ता पडला म्हणतेत, मग आपला कुठं गेला? सोलापूरकडच्या शेतकऱ्यांनी अनुदान कसं हुडकायचं

२ ऑगस्ट २०२५ ला पीएम किसानचा विसावा हप्ता सुटला, त्यादिवशी दुपारपर्यंत तात्यांचे म्हणजे वडिलांचे मला तीन फोन झाले. बांधाला बांध असलेल्या काकींना मेसेज आला, ह्यांना नाही. दोघांचं खातं एकाच बँकेत, दोघांचा गट एकाच शिवारात, मग हे कसं काय? तात्यांनी निकाल देऊन टाकला की मधी कुणीतरी खाल्लं. संध्याकाळी घरी जाऊन स्टेटस बघितलं तर पैसे त्याच दिवशी जमा, आणि त्याच्या मागचा हप्ता पण जमा, फक्त खातं वेगळं. मागच्या वर्षी उसाच्या बिलासाठी कारखान्यानं सांगितलं म्हणून दुसऱ्या बँकेत खातं काढलं होतं, तिथल्या फॉर्मवर आधारच्या चौकटीत टिक करून सही केलेली, आणि तेव्हापासून सरकारचा सगळा पैसा गुपचूप तिकडं जायला लागला होता. चार हजार रुपये पडून होते आणि आम्ही इकडं सरकारला शिव्या घालत बसलो होतो.

त्यानंतर गावातल्या बऱ्याच जणांचं मोबाईलवर बघून दिलं, म्हणून हे लिहून ठेवतोय. मी कृषी खात्यात नाही, एजंट पण नाही, मोहोळ तालुक्यात शेती करतो आणि फॉर्म भरायचा थोडा नाद आहे एवढंच.

आधी हे ठरवा की पैसा कुठल्या दारातून येणार होता

सगळ्यात जास्त हेलपाटे इथंच होतात. आपण सगळ्यालाच "अनुदान" म्हणतो पण प्रत्येकाचं ऑफिस वेगळं असतंय. पुराची नाहीतर अतिवृष्टीची मदत ही महसूलची, म्हणजे तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) आणि तहसील. ड्रिप, शेततळं, फळबाग, अवजारं हे कृषी खात्याचं, महाडीबीटी ह्या सरकारी साईटवरनं. पीक विमा हा विमा कंपनीचा, तहसीलदाराच्या टेबलावर कितीही हात आपटले तरी ते काय देऊ शकत नाहीत. पीएम किसान आणि नमो शेतकरी हे ठरलेले हप्ते, त्याला दरवेळी अर्ज नाही. दुधाचं अनुदान तुम्ही जिथं दूध घालता त्या डेअरीनं भरलेल्या माहितीवर. पंढरपूरला जायचंय आणि अक्कलकोटच्या गाडीत बसलोय असं व्हायला नको, म्हणून आधी वहीत लिहा की कुठल्या योजनेचे, कुठल्या हंगामाचे आणि अंदाजे किती. हे तिन्ही सांगता आलं नाही तर कुठल्याच खिडकीवर काम होत नाही, हे अनुभवानं सांगतो.

आणि काही अनुदान खात्यात येतच नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल एप्रिल २०२४ पासून माफ आहे, तो पैसा परस्पर वीज कंपनीला. आमच्याकडं एकजण "लाईटीचे पैसे माझ्या खात्यात का येईनात" म्हणून भांडला होता.

पीएम किसानचं स्टेटस नीट वाचायला शिका

वर्षाला ६ हजार, दोन-दोन हजाराचे तीन हप्ते, हे सगळ्यांना पाठ आहे. राज्याचे नमोचे अजून ६ हजार, त्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीतनं सुटला होता. नमोला वेगळा फॉर्म नसतो, यादी पीएम किसानचीच चालते, म्हणजे तिकडं गाडी बिघडली की इकडं पण बंद. म्हणून आधी पीएम किसान दुरुस्त करायचं, नमोच्या मागं पळायचं नाही.

पीएम किसानच्या साईटवर "नो युवर स्टेटस" म्हणून आहे. रजिस्ट्रेशन नंबर लागतो, माहीत नसला तर तिथंच वरच्या बाजूला मोबाईल नाहीतर आधार टाकून काढता येतो. ओटीपी टाकला की पान उघडतं आणि बहुतेक लोक तिथं फक्त आपलं नाव बघतेत आणि बंद करतेत. थांबा की. तिथं तीन गोष्टी बघायच्या: लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलेली), ई-केवायसी (ओळख पटवलेली), आणि आधार बँक अकाउंट सीडिंग (आधारपुढं बँक जोडलेली). तिन्हीपुढं "यस" पाहिजे. एक जरी "नो" असला तरी हप्ता अडकतोय, आणि कुठला "नो" आहे त्यावरनं कुठं जायचं ते ठरतंय.

लँड सीडिंग नो असलं तर बँकेत जाऊन काय उपयोग नाही, सातबारा-आठ अ घेऊन तहसीलचा नाहीतर कृषीचा पीएम किसान बघणारा माणूस गाठायचा. ई-केवायसी नो असलं तर घरबसल्या ओटीपीनं होतंय, आधारला मोबाईल लिंक पाहिजे फक्त. मोबाईल लिंक नसंल तर सेवा केंद्रावर अंगठा. आणि अंगठा उठत नसंल तर? तात्यांचा उठत नाही, डाळिंबाची छाटणी आणि उसाचं पाचट काढून बोटं अशी झालीत की मशीन ओळखतच नाही, हात धुऊन, खोबरेल लावून, दहाच्या दहा बोटं दाबून झाली तरी लाल लाईट. त्यावर उपाय म्हणजे पीएम किसानच्या मोबाईल ॲपमधनं चेहरा दाखवून केवायसी करायची, दोन मिनिटात झाली, फक्त उजेडात बसवा आणि डोळे मिचकवायला सांगितलं की मिचकवायला लावा, आमचे तात्या डोळे वटारून बसले होते.

खाली हप्त्याप्रमाणं माहिती असते, त्यात बँकेचं नाव आणि खात्याचे शेवटचे आकडे दिसतात. आमचं कोडं तिथंच सुटलं. तिथं कधी "एफटीओ जनरेटेड, पेमेंट कन्फर्मेशन पेंडिंग" असं दिसलं तर घाबरू नका, पैसे सोडायचा हुकूम निघालाय, यायला लागलेत. "आरएफटी साइन्ड बाय स्टेट" असलं म्हणजे राज्यानं नाव मंजूर करून वर पाठवलंय. ह्या दोन्हीला हेलपाटा मारायचा नाही, आठ-दहा दिवस कळ काढायची.

नाव मुळातच बसत नाही असं पण असतं, आणि हे कुणी स्पष्ट सांगत नाही. घरातला नवरा-बायको आणि अठराच्या आतली मुलं मिळून एक कुटुंब, त्यात एकालाच. इन्कम टॅक्स भरणारा, सरकारी नोकर (शिपाई वर्ग सोडून), १० हजार किंवा जास्त पेन्शन घेणारा, डॉक्टर-वकील-इंजिनिअर म्हणून धंदा करणारा बाद. आणि मोठी गोम म्हणजे १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख. त्यानंतर खरेदी करून नाहीतर वाटणी होऊन जमीन नावावर आली असंल तर अडचण, वडील वारले आणि वारसानं आली तर चालतं. आता बरेच जण २०२१-२२ ला भावाभावात वाटण्या करून बसलेत आणि प्रत्येकानं अर्ज टाकलाय, ते नाव अडकलं की तलाठ्यावर राग काढतेत. नियमच तसा आहे, तलाठी काय करणार.

मेलेल्या माणसाच्या नावावर हप्ते येत राहिले तर ते वापरू नका. वसुली लागते, आणि नोटीस पोराच्या नावानं येते. साईटवर परत करायची सोय आहे. त्याच्याच आसपास स्वतःहून योजना सोडायचं पण बटण आहे, चष्मा न लावता ते दाबू नका.

खातं: लिंक वेगळं आणि सीडिंग वेगळं

बँकेत विचारलं की साहेब म्हणतो "आधार लिंक आहे की तुमचं", आणि तो खोटं बोलत नसतो. पण खात्याला आधार जोडणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधल्या पैशाची देवघेव चालवणाऱ्या संस्थेच्या) नकाशावर तुमच्या आधारपुढं कुठली बँक लिहिलीय हे वेगळं. सरकार पैसे सोडताना खाते नंबर बघतच नाही, आधार नंबर बघतं, आणि त्यापुढं जी बँक असंल तिथं टाकतं. एका आधारला एका वेळी एकच बँक. शेवटी जिथं सीडिंगचा फॉर्म दिला ती. म्हणून घरात चार पासबुकं असली तर चारही भरून आणा, पैसे "आले नाहीत" म्हणायच्या आधी.

बघायचं कसं? माय आधारच्या साईटवर लॉगिन करून "बँक सीडिंग स्टेटस" उघडलं की बँकेचं नाव आणि चालू-बंद दिसतं. साध्या मोबाईलवर स्टार ९९ स्टार ९९ स्टार १ हॅश लावून आधार नंबर टाकला तरी समजतं. बंद दाखवलं तर बँकेत जाऊन "डीबीटीसाठी (म्हणजे सरकारचा पैसा थेट खात्यात यायला) आधार सीडिंग" असे शब्द वापरून फॉर्म द्यायचा, नुसतं "आधार लिंक करा" म्हणलं की ते केवायसी करून वाटेला लावतेत. फॉर्मची पोच घ्या. आणि दोन-तीनदा सांगून होत नसंल तर पोस्टाच्या बँकेत खातं काढा, पोस्टमन घरी मशीन घेऊन येतो, खातं आणि सीडिंग एकदमच होतं. लै बायकांचे पैसे आमच्याकडं असेच मोकळे झाले.

मदतीचे पैसे आले आणि बँकेनं पीक कर्जाला कापून घेतले असं झालं तर गप बसू नका. आपत्तीची मदत कर्जात वळती करू नये असं सरकारच्या आदेशात लिहिलेलं असतं. मॅनेजरला लेखी अर्ज, एक प्रत तहसीलला.

फार्मर आयडी आणि सातबारा

१५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांना फार्मर आयडी लागतोय. आधारसारखाच, पण शेतकऱ्याचा, अकरा आकडी. सेवा केंद्रावर काढून मिळतो, स्वतः पण करता येतो. लोक काय करतात, एकच गट जोडतात आणि निघून येतात. तुमची जमीन दोन गावात असंल, दोन तालुक्यात असंल, तर सगळे गट त्याच वेळी जोडून घ्यायचे, नाहीतर उद्या ज्या गटात ड्रिप करायचंय तो गट आयडीवर दिसत नाही आणि परत सगळं पहिल्यापासून. सामायिक सातबारा असला तर प्रत्येक खातेदारानं आपापला आयडी काढायचा, थोरल्यानं काढला म्हणून धाकट्याचं होत नाही.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याकडं अजून एक भानगड असते. कर्नाटकात माहेर असलेल्या सुनेचं आधार तिकडचं, नाव कानडी वळणाचं, सातबाऱ्यावर मराठी वळणाचं, आणि कंप्युटर म्हणतो ही दोन वेगळी माणसं. आधी आधार दुरुस्त करून घ्यायचं, सातबाऱ्यावरचं नाव बदलायला फेरफार लागतो आणि त्याला वेळ जातो. तिकडं विजयपूर-कलबुर्गीकडं पण जमीन असणाऱ्यांचं त्या राज्यात "फ्रूट्स" म्हणून वेगळी नोंद असते, इकडच्या आयडीत ती जमीन येत नाही. आणि दोन्ही राज्यातनं पीएम किसान घ्यायचा प्रयत्न करू नका, आधार एकच आहे.

वडील वारून चार वर्षं झाली, सातबारा अजून त्यांच्याच नावावर, असं निम्म्या गावाचं आहे. "भावाभावात ठरलं की करू" म्हणून राहतं. पण वारस नोंद आणि वाटणी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की. वारस नोंदीत सगळ्यांची नावं लागतात, कुणाचं काही जात नाही, वाटणी नंतर भांडून करा. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडं अर्ज द्यायचा, ई-हक्कवरनं ऑनलाईन पण होतंय. ती नोंद नसली तर पूर येवो का दुष्काळ, घरात एक रुपया येत नाही.

सातबारा ताजा काढत जा, डिजिटल सहीचा १५ रुपयात मिळतो, कपाटातला २०१६ चा पिवळा पडलेला उतारा घेऊन फिरू नका.

ई-पीक पाहणी (मोबाईलवरनं सातबाऱ्यावर पिकाची नोंद), ज्याला कुणी गंभीर घेत नाही

२०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या सोलापूर बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा आणला आणि हमाली-तोलाई-भाडं कापून त्याच्या हातात दोन रुपयाचा चेक आला, ते सगळ्या देशानं बघितलं. त्यानंतर सरकारनं कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटल, असं अनुदान काढलं, १ फेब्रुवारी ते ३१ मार्च दरम्यान विकलेल्या लेट खरीप लाल कांद्याला. आता २०० क्विंटल म्हणजे ७० हजार होतात, चेष्टा नाही. पण सातबाऱ्यावर कांद्याची नोंद पाहिजे म्हणल्यावर अर्ध्या लोकांचे चेहरे उतरले, कारण कांदा रानात होता, विक्रीची पट्टी खिशात होती, आणि सातबाऱ्यावर पेरा कोराच. नंतर गावपातळीवर समितीकडनं खात्री करून काही जणांचं मार्गी लागलं, पण किती चकरा झाल्या त्या ज्याच्या त्याला माहीत.

तसंच खरीप २०२३ च्या सोयाबीन-कापसाचं. ०.२० हेक्टरच्या आत सरसकट १ हजार, त्याच्यावर हेक्टरी ५ हजार, दोन हेक्टरपर्यंत, आणि यादी कशावरनं काढली तर ई-पीक पाहणीच्या नोंदीवरनं. सामायिक खात्याला बाकीच्या खातेदारांचं ना हरकत लागलं, म्हणजे पुण्यात असलेल्या भावाची सही आणायला लोक एसटीनं गेले.

म्हणून ॲपवरनं पाहणी करून टाका, १५ ऑगस्ट २०२१ पासून ती आपणच करायची आहे. बांधावर उभं राहून गट निवडायचा, पीक आणि क्षेत्र टाकायचं, फोटो काढायचा. घरात बसून होत नाही, लोकेशन बघतंय ते. ज्वारीत करडईचं आंतरपीक असलं तर दोन्ही टाका. डाळिंबाच्या बागा, बोर, द्राक्ष ह्या फळबागा पण सातबाऱ्यावर चढल्यात का बघा, सांगोल्याकडं तेल्या रोगामुळं बाग काढून टाकून लोकांनी मका केला तरी उताऱ्यावर अजून डाळिंबच असतं आणि उलटं पण. मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसात सर्व्हर कुणाच्याच बापाचा ऐकत नाही, त्याच्या आधी उरका.

महाडीबीटीवरचं ड्रिप: घाई केली की गेलं

ह्यात सगळ्यात जास्त पैसा बुडतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ठिबकाला अल्प-अत्यल्प भूधारकाला ८० टक्के, बाकीच्यांना ७५ टक्के, पाच हेक्टरपर्यंत. ह्यात केंद्राच्या योजनेतनं ५५ नाहीतर ४५ आणि वरचं राज्याच्या योजनेतनं. ऐकायला भारी वाटतं पण हे टक्के तुमच्या बिलावर नसतात, सरकारनं लॅटरलच्या (ठिबकच्या नळीच्या) अंतरानुसार जो खर्चाचा मापदंड ठरवलाय त्याच्यावर असतात. समजा तुमचं बिल ७० हजार झालं आणि मापदंडानं ५५ हजार बसले, तर ८० टक्के ५५ हजाराचे, म्हणजे ४४ हजार. बाकीचे २६ हजार तुमचे. डीलर "ऐंशी टक्के परत येतेत" म्हणतो तेव्हा त्याला कशाचे ऐंशी ते विचारा.

आता पद्धत. फार्मर आयडीनं महाडीबीटीला लॉगिन, प्रोफाईल पूर्ण, सिंचन साधनं ह्या भागात जाऊन गट नंबर, पीक, अंतर टाकायचं, २३ रुपये ६० पैसे फी भरायची. आधी लॉटरी असायची, २०२५ पासून जो आधी अर्ज करेल त्याला आधी, म्हणून अर्ज टाकायला दिवाळीची वाट बघू नका. निवड झाली की मेसेज येतो. मग कोटेशन आणि बाकीचे कागद चढवायचे. मग येते पूर्वसंमती. आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय, परत सांगतो, पूर्वसंमतीचं पत्र आल्याशिवाय एक फूट नळी विकत घ्यायची नाही.

माझ्या चुलतभावाचं काय झालं बघा. उसाची आडसाली लागण करायची होती, उजनीचं पाणी आलेलं, बेणं मिळालेलं, निवडीचा मेसेज पण आलेला. दुकानदार म्हणला दादा माल घेऊन जा, बिलाचं नंतर बघू. ह्यानं नेलं, अंथरलं, ऊस गुडघ्याला लागला. दुकानदारानं त्याच्या हिशोबाला बिल माल दिला त्याच दिवशी फाडलं होतं, पूर्वसंमती त्याच्यानंतर तीन आठवड्यांनी आली. बिलाची तारीख आधीची, संमतीची नंतरची, प्रस्ताव रद्द. कृषी सहायकानं येऊन बघितलं, ड्रिप चालू, ऊस चांगला, सगळं खरं, पण तारीख उलटी. तो तरी काय करणार. दुकानदार आता फोन उचलत नाही आणि भाऊ अजून मला म्हणतोय तुला माहीत होतं तर आधी का नाही सांगितलंस.

संमती आली की दिलेल्या मुदतीत, साधारण महिनाभरात, माल घ्या, पक्कं जीएसटीचं बिल घ्या, बिलावर नाव आधारप्रमाणं, आणि पैसे शक्यतो खात्यातनं द्या म्हणजे पुरावा राहतो. बिल पोर्टलवर चढवलं की मोका तपासणीला माणूस येतो, शिवारात उभं राहून फोटो काढतो. त्यादिवशी घरी थांबा. नळ्या गुंडाळून ठेवल्या असतील तर पसरून ठेवा. त्यानंतर पैसे आधारवाल्या खात्यात, आणि इथं उशीर होतो, खरं सांगायचं तर कधीकधी लै उशीर होतो, कारण निधी येईल तसा सुटतो. म्हणून अनुदानाच्या भरवशावर सावकाराकडनं उचलू नका. त्याच गटावर परत ड्रिप घ्यायला सात वर्षं थांबावं लागतं, ते पण धरून चाला.

भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत तर पैसे तीन वर्षात मिळतेत, ५०, ३० आणि २० टक्के असे. पहिला हप्ता घेतला आणि झाडं जगवली नाहीत तर पुढचे येत नाहीत. रानात खड्डे दिसले की फाईल तिथंच थांबते.

पुराचे पैसे आणि व्हीके नंबर

सप्टेंबर २०२५ ला सीनेनं माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर-दक्षिण सोलापूरमध्ये जे केलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्याबद्दल वेगळं लिहायची ताकद नाही. सरकारनं ऑक्टोबरमध्ये ३१ हजार ६२८ कोटीचं पॅकेज सांगितलं. जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७ हजार, बहुवार्षिक फळपिकाला २२,५००, आणि त्याच्यावर रब्बीच्या बी-खतासाठी हेक्टरी १० हजार, तीन हेक्टरपर्यंत.

लोकांचा गोंधळ इथं झाला की हे दोन पैसे वेगवेगळे आले. पहिला आला तो नुकसानीचा, दुसरा रब्बीचा, मधी दिवस गेले, तेवढ्यात "शेजाऱ्याला जास्त आले" सुरू. आणि दुसरा गोंधळ हेक्टरचा. आपण बोलतो एकरात आणि गुंठ्यात, सरकार देतं हेक्टरात. ४० गुंठे म्हणजे एक एकर म्हणजे ०.४० हेक्टर. जिरायतीचं ८,५०० गुणिले ०.४० केलं की ३,४०० येतात. एकराला ३,४००, आणि रब्बीचे ४ हजार. एवढेच येणार होते. खात्यात ३,४०० बघून "पाच हजार कुणी खाल्ले" म्हणून तलाठ्याच्या अंगावर गेलेला माणूस मी बघितलाय, हिशोब करून दाखवल्यावर गप बसला पण माफी काय मागितली नाही.

तुमचं नाव पंचनाम्याच्या यादीत असलं की एक विशिष्ट क्रमांक पडतो, त्यालाच सगळे व्हीके नंबर म्हणतेत. यादी तलाठ्याकडं असते, ग्रामपंचायतीत लावतात, गावच्या ग्रुपवर पण फिरते. तो नंबर घेऊन सेवा केंद्रावर अंगठा देऊन ई-केवायसी करायची, पावती घ्यायची. त्या पावतीवर गट, क्षेत्र, रक्कम, खातं छापून येतं, तिथंच उभं राहून वाचा. क्षेत्र चुकलं असंल तर अंगठा देऊ नका, त्याच पडद्यावर तक्रार नोंदवायची सोय असते, ती नोंदवायला सांगा, मग ती तहसीलला जाते. अंगठा देऊन झाल्यावर चूक दुरुस्त करणं म्हणजे उसाच्या फडात सुई हुडकणं. फार्मर आयडी असलेल्यांना ह्यावेळी केवायसीतनं सूट दिली होती, म्हणून तो आयडी काढा म्हणून मी सारखा मागं लागतोय.

यादीतच नाव नसंल तर फोटो, सातबारा आणि अर्ज घेऊन तहसीलला आवक-जावकला द्या आणि शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

विम्याचं थोडक्यात. एक रुपयाचा विमा खरीप २०२५ पासून संपला, आता आपला हिस्सा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, कांद्यासारख्या नगदी पिकाला ५ टक्के. त्याची विचारपूस १४४४७ वर. डाळिंब-द्राक्षवाल्यांनी एवढं ध्यानात ठेवा की हवामान आधारित फळपीक विम्यात सहसा तुमच्या बागेत येऊन कुणी बघत नाही, तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रात पाऊस-तापमान किती नोंदलं गेलं त्यावर पैसे ठरतेत. बाग झडली पण मशीनमध्ये पाऊस कमी, तर नाही. अन्यायच आहे, पण फॉर्म भरताना कळलेलं बरं.

गावात कुणाला किती मिळालं ते बघता येतं का? येतं.

पीएम किसानच्या साईटवर "बेनिफिशरी लिस्ट" मध्ये राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की सगळ्या गावाची यादी उघडते. कुणाच्या घरात दोघं घेतेत, कोण नोकरीवाला घेतोय, सगळं दिसतं. मी हे चुगल्या करायला सांगत नाही, पण आपलं नाव आहे का हे बघायला ती यादी सगळ्यात सोपी, आणि गावात खरा गरजू सुटलाय का ते पण तिथंच समजतं.

बाकीच्या योजनांचं पण लपवायचं कारण नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलंय की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम आली आणि लाभार्थी कोण हे ऑफिसनं स्वतःहून जाहीर करायचं. म्हणजे तालुका कृषी अधिकाऱ्याकडं जाऊन ड्रिपची ह्या वर्षीची गावची यादी नम्रपणे मागा, बहुतेक वेळा दाखवतेत. नाही दाखवली तर १० रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं. अर्जात "सगळी माहिती द्या" असं लिहू नका, एक गाव, एक योजना, एक वर्ष एवढंच मागा, मोघम मागितलं की मोघम उत्तर येतं.

तक्रार करायची तर पीएम किसानची १५५२६१ वर, लागला फोन तर लागला. त्यापेक्षा साईटवर हेल्पडेस्कला टाकली की नंबर तरी मिळतो. राज्याचं आपले सरकार पोर्टल आहे. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, पण आधी तालुक्याला अर्ज करून उत्तर न मिळाल्याचा कागद पाहिजे, थेट गेलं की परत पाठवतेत. जाताना स्टेटसच्या पानाची प्रिंट, सीडिंगची प्रिंट आणि ताजा सातबारा एवढे तीन कागद न्या. ज्याच्याकडं हे तीन असतात त्याच्याशी साहेब खुर्चीत सरळ बसून बोलतो.

आता शेवटचं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवा. हप्ता यायच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर "पीएम किसान यादी" म्हणून एपीके फाईल (मोबाईलात ॲप बसवणारी) फिरते, उघडली की मोबाईल दुसऱ्याच्या ताब्यात आणि खातं मोकळं. सरकार अशी फाईल कधीच पाठवत नाही, ॲप घ्यायचं तर प्ले स्टोअरवरनंच. तात्यांना मी सांगून ठेवलंय की हप्त्याचा काय पण मेसेज आला तरी बोट लावायच्या आधी मला फोन करा. म्हणून आता हप्त्याच्या दिवशी तीनच्या जागी सात फोन येतात, त्यातले चार तर दुसऱ्यांच्या मोबाईलचे, कारण पारावर बसलेल्यांना पण तेच सांगितलंय त्यांनी.